‘१ टिप्पण्या’, ‘५ दिवसापूर्वी’: भाषांतरात अनेकवचन बिघडलं की काय तपासायचं

मराठीत आणलेल्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर आकड्यापुढचा शब्द चुकला की पहिला संशय भाषांतर करणाऱ्यावर जातो. कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं, कुणीतरी घाईघाईत शब्द बदलतं, आणि पुढच्या आवृत्तीत तोच दोष दुसऱ्याच आकड्यापाशी उगवतो. हे इतक्यांदा निस्तरलंय की आता शब्दाला हात लावायच्या आधी मी एकच विचारतो: प्रोग्रामनं कोणता रकाना उचलला, आणि कुठल्या आकड्यावरून? बऱ्याचदा वाक्य बरोबरच असतं. चुकीचा रकाना उचलला गेलेला असतो.

रकाना म्हणजे काय, ते नव्या लोकांसाठी. गेटटेक्स्ट (पीओ फाइलींवर चालणारी भाषांतराची व्यवस्था), अँड्रॉइड, आय१८नेक्स्ट (जावास्क्रिप्टमधली तशीच व्यवस्था), काहीही असो, आकडा असलेल्या वाक्याला भाषांतराच्या साधनात एकापेक्षा जास्त जागा असतात. मराठीला दोन: एकवचनाची आणि अनेकवचनाची. जपानी-चिनीला एक, रशियनला गेटटेक्स्टमध्ये तीन, अरबीला सहा. चालू आकड्याला कोणता रकाना लागतो हे एक छोटं सूत्र ठरवतं. म्हणजे दोष चार ठिकाणी असू शकतो: रकान्यातला मजकूर, सूत्र, सूत्राकडे पोचणारा आकडा, किंवा सूत्राला विचारतच नसलेला कोड.

लक्षणं

- ‘१ टिप्पण्या’ आणि ‘५ टिप्पणी’, म्हणजे रूपं सरळसरळ उलटी.
- १ आणि ५ ठीक, पण शून्याला ‘० टिप्पणी’. कधी कधी एका फोनवर असं आणि दुसऱ्यावर बरोबर.
- नऊशे नव्याण्णवपर्यंत सगळं छान, हजार ओलांडले की ‘१,२३४ टिप्पणी’.
- अंक देवनागरीत दाखवायला सुरुवात केल्यावर ‘१ टिप्पण्या’.
- मराठी पडद्यावर मधेच एखादं इंग्रजी वाक्य, किंवा नुसती कोरी जागा.
- ‘५ दिवसापूर्वी’, ‘३ तासात’. अनुस्वार गेलेला.
- वाक्याऐवजी ‘कॉमेंट_काउंट’ असलं कच्चं नाव.
- मराठी शब्दाच्या शेपटीला चिकटलेलं इंग्रजी ‘एस’ अक्षर.

आधी आकडे बदलून बघा

याला पैसे लागत नाहीत, कोड उघडावा लागत नाही, आणि तरी लोक हेच सोडून देतात. एका स्क्रीनशॉटवरून काहीच ठरत नाही. ०, १, २, ५, ११, २१, १०१, १२३४ आणि जमलं तर १.५ एवढे आकडे त्याच वाक्यातून फिरवा. खरी माहिती भरता येत नसेल तर डेव्हलपरकडून चाचणीची प्रत मागून घ्या.

का, तर दोषाचा पत्ता आकडेच सांगतात. फक्त ० चुकत असेल तर सूत्र बघा. फक्त हजारापुढे चुकत असेल तर आकडा कुठल्या रूपात पोचतोय ते बघा. २१ला ‘१’सारखं वागत असेल तर बहुतेक रशियन किंवा युक्रेनियन फाइलचं हेडर (माथ्यावरची माहिती, सूत्र तिच्यातच असतं) तुमच्या फाइलीत आलंय. सगळेच आकडे एकसारखे चुकत असतील तर मजकूर किंवा कोड.

मग रकान्यांतला मजकूर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठीपुरती सर्वांत जास्त घाण इथेच सापडते.

पहिली गोष्ट, दोन्ही रकाने भरलेत का. पोएडिट या भाषांतराच्या एडिटरमध्ये ते वेगवेगळ्या टॅबमध्ये असतात. पहिला टॅब भरून पुढे गेलेला माणूस दुसरा विसरतो. वेबलेट हे ऑनलाइन भाषांतराचं साधन अशा वेळी ‘अनेकवचनी रूप राहिलं’ अशी सूचना देतं, ती वाचा. दुसरी गोष्ट, वाक्य ‘फझी’ म्हणजे संदिग्ध खुणेचं आहे का. मूळ इंग्रजी वाक्यात एखादा स्वल्पविराम बदलला तरी जुनं भाषांतर फझी होतं, आणि गेटटेक्स्टचा एमएसजीएफएमटी (तयार फाइल बनवणारा प्रोग्राम) फझी वाक्यं एरवी तयार फाइलीत घेतच नाही. मराठीत मधेच इंग्रजी दिसण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. भाषांतर डोळ्यांसमोर असतं, पडद्यावर मात्र येत नाही.

तिसरी, रकान्यांचे क्रमांक. गेटटेक्स्ट शून्यापासून मोजतं, म्हणून एकवचनाचा रकाना क्रमांक ० आणि अनेकवचनाचा क्रमांक १. हे न कळल्यामुळे ० क्रमांकाच्या रकान्यात ‘एकही टिप्पणी नाही’ असं लिहिलेलं मी पाहिलंय. मग एक टिप्पणी आली की संकेतस्थळ म्हणतं, एकही नाही. रकान्याचा क्रमांक आणि टिप्पण्यांचा आकडा यांचा काही संबंध नाही.

चौथी खास आपली. ‘दिवस’, ‘तास’, ‘फोटो’, ‘संदेश’ हे शब्द दोन्ही वचनांत सारखेच दिसतात, म्हणून माणूस पहिला रकाना जसाच्या तसा दुसऱ्यात चिकटवतो. नुसतं ‘५ दिवस’ असेल तर चालतं. पण पुढे विभक्ती प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आलं की सामान्यरूप होतं आणि तिथे वचन दिसतं: १ दिवसापूर्वी, ५ दिवसांपूर्वी. १ तासात, ३ तासांत. १ जणाला आवडलं, ५ जणांना आवडलं. नाम बदललं नाही तरी क्रियापद बदलतं: १ फोटो हटवला, ५ फोटो हटवले. इंग्रजीत हे क्रियापद हलत नाही, त्यामुळे यंत्राच्या भाषांतरातून आलेल्या मजकुरात ‘५ फोटो हटवला’ हमखास मिळतं. दोन्ही रकाने अगदी सारखे असले की वेबलेट तेही दाखवून देतं. ‘दिवस’साठी ती सूचना बिनधास्त बाजूला सारा, पण वाक्य शेवटपर्यंत वाचूनच.

पाचवी, आकड्याची जागा. एकवचनाच्या रकान्यात टक्का-डी या आकड्याची जागा राखणाऱ्या खुणेऐवजी थेट ‘एक’ लिहायचा मोह होतो, आणि वाचायला ते छानही वाटतं. तरी लिहू नका. हिंदीत याच रकान्यात शून्यही येतं आणि रशियनमध्ये २१, ३१, १०१ हेसुद्धा, तेव्हा तिथे ‘एक’ लिहिलं की आकडाच खोटा ठरतो. मराठीत निदान कागदावर तरी हा रकाना फक्त एकासाठी आहे. पण जुन्या फोनवर तेही खरं नाही. ते पुढे येतंच.

फाइल ताजी आहे का

पीओ फाइल (जिच्यात भाषांतर लिहितो ती) दुरुस्त केली आणि तिच्यावरून एमओ (प्रोग्रामसाठीची तयार फाइल) बनवलीच नाही, असं रोज होतं. प्रोग्राम एमओ वाचतो, पीओ नाही. एमएसजीएफएमटीला चेकचा पर्याय देऊन चालवा, म्हणजे हेडर आणि रकान्यांची संख्या जुळत नसेल तर तो तिथेच ओरडतो.

वर्डप्रेसवाल्यांसाठी एक वेगळा खड्डा आहे. २०२४च्या ६.५ आवृत्तीपासून एमओसोबत पीएचपीच्या रूपातली भाषांतर फाइलही असते, तिचं नाव ‘एल१०एन डॉट पीएचपी’नं संपतं. ती असेल तर वर्डप्रेस तीच आधी उचलतो. तुम्ही हातानं नुसती एमओ चढवली आणि जुनी पीएचपी फाइल तिथेच राहिली, तर कितीही वेळा कॅश साफ करा, जुनंच दिसणार. दोन्ही बदला, मग कॅश.

आय१८नेक्स्टमध्ये कच्चं नाव दिसत असेल तर जेसनमधल्या, म्हणजे भाषांतराच्या फाइलीतल्या, नावांचे शेवट बघा. २१व्या आवृत्तीपासून ते ‘अंडरस्कोर वन’ आणि ‘अंडरस्कोर अदर’ असे लागतात. त्याआधी साधं नाव आणि ‘अंडरस्कोर प्लुरल’ चालायचं. जुनी फाइल नव्या आवृत्तीला दिली की अनेकवचन सापडत नाही. काही मोबाइल इंजिनांत इंटल प्लुरलरूल्सच (जावास्क्रिप्टमधली अनेकवचनाचे नियम सांगणारी सोय) नसतं, तेव्हा आय१८नेक्स्ट कन्सोलवर तसा इशारा देतं आणि पॉलिफिल, म्हणजे ती उणीव भरून काढणारा कोड, टाकावं लागतं.

हेडरमधली एक ओळ

पीओ फाइलच्या माथ्यावर प्लुरल-फॉर्म्स नावाची ओळ असते. तिच्यात रकाने किती हे एनप्लुरल्स सांगतं आणि कुठला निवडायचा हे प्लुरल सांगतं. मराठीसाठी रकाने २, आणि सूत्र ‘एन एकाच्या बरोबर नसेल तर’ (एन म्हणजे चालू आकडा). एन एक असेल तर उत्तर खोटं, म्हणजे ०, म्हणजे पहिला रकाना. बाकी सगळ्यांना दुसरा.

इथे होणारे घोटाळे ठरलेले आहेत. साच्याच्या फाइलीत या ओळीत ‘इंटिजर’ आणि ‘एक्स्प्रेशन’ असे नुसते शब्द असतात आणि ते कुणी बदललेलेच नसतात. कुणी ‘बरोबर नसेल’ऐवजी ‘बरोबर असेल’ टाइप करतं, की सगळ्या फाइलीत रूपं उलटी. कुणी फ्रेंच फाइल पाया म्हणून घेतं. तिथे सूत्र ‘एन एकापेक्षा मोठा असेल तर’ असं आहे, म्हणून शून्याला एकवचन मिळतं. जपानी फाइलीवरून सुरुवात केली तर एडिटरमध्ये एकच रकाना दिसतो आणि भाषांतर करणारा बिचारा दुसरा कुठे गेला म्हणून शोधत बसतो. पोएडिटमध्ये अनुवादाच्या गुणधर्मांत जाऊन ‘या भाषेचा ठरलेला नियम वापरा’ निवडलं की हे मिटतं.

फाइल तुमची एकट्याची असेल तरच ही ओळ बदला. सामायिक प्रकल्पात ती भाषेच्या पातळीवर ठरलेली असते. ग्लॉटप्रेस (वर्डप्रेसचं भाषांतराचं साधन) आणि वेबलेट ती आपली आपण भरतात. तिथे एका वाक्यासाठी सूत्र बदललं तर बाकीची शेकडो वाक्यं हलतात.

शून्याचं भांडण

गेटटेक्स्ट सूत्र फाइलीतून वाचतं. पण अँड्रॉइड, ॲपलची साधनं, ब्राउझरमधलं इंटल, फ्लुएंट, आयसीयू (भाषांतराच्या आणखी दोन व्यवस्था) हे सगळे युनिकोडच्या सीएलडीआर या भाषानियमांच्या माहितीसाठ्यावर चालतात, आणि तो साठा फोनच्या किंवा ब्राउझरच्या पोटात असतो. तुमच्या ॲपमध्ये नसतो.

सीएलडीआरच्या जुन्या आवृत्त्यांत मराठी ही हिंदी, गुजराती, बंगाली, कन्नड यांच्या गटात होती: शून्य आणि एक दोन्ही एकवचनात, शून्य आणि एक यांमधले अपूर्णांकही तिथेच. पुढे मराठीला त्या गटातून काढून ‘फक्त एक म्हणजे एकवचन’ या गटात घातलं. माझ्या मते हे योग्यच झालं. ‘० टिप्पणी’ हे मराठी कानाला टोचतं. पण परिणाम असा की तीच ॲप जुन्या फोनवर ‘० टिप्पणी’ दाखवते आणि नव्यावर ‘० टिप्पण्या’. तुम्ही मजकूर कितीही घासा, हा फरक जाणार नाही. आणि एकवचनाच्या रकान्यात कुणी ‘एक टिप्पणी’ असं अक्षरात लिहिलेलं असेल, तर जुन्या फोनवर शून्य टिप्पण्या असतानाही ‘एक टिप्पणी’ दिसते.

उपाय एकच: शून्याला सूत्राच्या हवाली करू नका. आयसीयूच्या वाक्यात ‘बरोबर ०’ अशी वेगळी शाखा लिहिता येते, तिथे ‘एकही टिप्पणी नाही’ लिहा. इथेच एक फसवी गोष्ट आहे. ‘बरोबर ०’ ही शाखा आकडा बघते, तर ‘झीरो’ ही शाखा व्याकरणाचा वर्ग बघते. मराठीला झीरो असा वर्गच नाही, म्हणून ती शाखा कधीच उचलली जात नाही. अँड्रॉइडच्या प्लुरल्समध्ये झीरो लिहून ‘चालत का नाही’ म्हणणारे दर महिन्याला भेटतात. अरबीत ते चालतं, मराठीत नाही. अँड्रॉइडमध्ये शून्यासाठी वेगळी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा) ठेवून कोडमध्येच अट घालावी लागते.

अपूर्णांकांचंही थोडं बघा. आजच्या नियमाप्रमाणे १.५ मराठीत अनेकवचनात जातो, पण १.० एकवचनात राहतो. इंग्रजीत १.० अनेकवचनात जातो. अंतर दाखवणाऱ्या ॲपमध्ये इंग्रजी आणि मराठी पडद्यांत यामुळे फरक पडला तर घाबरू नका, तो दोष नव्हे.

याच्या शेजारचा दोष म्हणजे क्रमवाचक. ‘३वा क्रमांक’, ‘२वी फेरी’ असं दिसलं की समजा, तिथे साधं अनेकवचन वापरलंय. क्रमांकांसाठी सीएलडीआरमध्ये वेगळे नियम आहेत. मराठीला चार वर्ग: १ला, मग २ आणि ३ला ‘रा’, ४ला ‘था’, बाकी सगळे ‘वा’. हिंदीला पाच, कारण तिथे सहाला ‘छठा’ आहे. हिंदीची फाइल उचलून मराठी केली की तो पाचवा रकाना उगाच उरतो. लिंगाचं मात्र हे नियम काहीच सोडवत नाहीत. पहिला, पहिली, पहिलं यांसाठी तीन वेगळी वाक्यंच लागतात.

आकडा कुठल्या वेषात पोचतो

‘१,२३४ टिप्पणी’चा उलगडा इथे होतो. कोडमध्ये आकडा आधी सजवलेला असतो, म्हणजे स्वल्पविराम घालून किंवा देवनागरी अंकांत बदलून, आणि मग तीच सजवलेली स्ट्रिंग सूत्राला दिली जाते. वाटेत कुठेतरी तिचं पूर्णांकात रूपांतर होतं. पीएचपीतलं इंटव्हॅल आणि जावास्क्रिप्टमधलं पार्सइंट दोन्ही पहिल्या स्वल्पविरामाशी थांबतात, म्हणून १,२३४चा १ होतो आणि एकवचन उचललं जातं.

देवनागरी अंकांत तर दोघंही गारद. ‘१’ दिल्यावर पीएचपीचं उत्तर ०, जावास्क्रिप्टचं उत्तर ‘आकडा नाही’. दोन्ही वेळा अनेकवचन, आणि पडद्यावर ‘१ टिप्पण्या’. पायथनचा इंट मात्र देवनागरी अंक नीट वाचतो, त्यामुळे सर्व्हरवर पायथन आणि ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्ट असेल तर एकच वाक्य एकीकडे बरोबर आणि दुसरीकडे चूक असं दिसतं. अशा वेळी लोक भाषांतराच्या फाइली ताडून बघण्यात दिवस घालवतात. फाइली सारख्याच असतात.

दुरुस्ती सोपी आहे: सूत्राला कच्चा आकडा द्यायचा, सजवलेला फक्त दाखवायला वापरायचा. पण ती कोडमध्ये करावी लागते.

सर्वांत अवघड: कोडच सूत्राला विचारत नाही

‘आकडा एकापेक्षा मोठा असेल तर शेवटी एस जोड’ असं कोडमध्ये लिहिलेलं असेल तर भाषांतर करणाऱ्याच्या हातात काहीही नाही. एकच आकडा धरता येतो अशा वाक्यात दोन आकडे कोंबले असतील तरी तेच. ‘३ फोल्डरांत ५ फायली’ यात दोन स्वतंत्र वचनं आहेत, गेटटेक्स्ट एकाच आकड्यावर रकाना निवडतं. इथे वाक्य तोडून दोन तुकडे करायचे किंवा आयसीयूत एकात एक शाखा लिहायच्या. शिवाय मराठीत फोल्डर आधी येतात, म्हणून आकड्यांच्या जागांना क्रमांक दिलेले हवेत.

डेव्हलपर दाद देत नसेल तर एक तात्पुरती पळवाट आहे: ‘टिप्पण्या: ५’. विसर्गचिन्हासारखा दिसणारा तो अपूर्णविराम टाकला की कुठलाही आकडा खपतो. दिसायला कोरडं, पण चूक नाही.

कुठे थांबायचं

दुसऱ्या भाषेचं सूत्र स्वतः लिहायला जाऊ नका. रशियनमध्ये २१ एकवचनासारखा आणि ११ नाही, अरबीत दोनाला स्वतंत्र रूप. असल्या गोष्टी ती भाषा बोलणाऱ्यालाच तपासू द्या. सामायिक प्रकल्पाचं हेडर चुकलंय असं वाटलं तर भाषेच्या समन्वयकाला गाठा. मराठीचा सीएलडीआर नियमच चुकीचा वाटत असेल तर युनिकोडच्या तक्रार यंत्रणेत उदाहरणांसकट मांडा, आणि बदल जुन्या फोनांपर्यंत पोचणार नाही हे धरून चाला.

आकडा सजवून पाठवणं, तुकडे जोडून वाक्य बनवणं, शून्याची वेगळी अट, हे सगळं डेव्हलपरचं काम. त्याला ‘मराठी चुकतंय’ एवढंच कळवू नका. स्ट्रिंगचं नाव, दिलेला आकडा, दिसलेलं आणि हवं असलेलं वाक्य, भाषेचा कोड, आणि फोनची किंवा ब्राउझरची आवृत्ती एवढं द्या.

आणि औषधांच्या मात्रेचं, पैशांचं किंवा तिकिटांचं ॲप असेल आणि शब्दाचं रूप नव्हे तर आकडाच चुकीचा दिसत असेल, जसं दोन गोळ्यांच्या जागी ‘एक गोळी’, तर रकाने तपासत बसू नका. ते वाक्य किंवा तो पडदा लगेच मागे घ्यायला सांगा, कारण शोधायचं काम त्यानंतर.